धुण्याच्या दगडाजवळची निसुर्डी

सुकुमार मगदूम सरांनी आयुष्यात एकाही झाडापुढे हात टेकले नव्हते. गडहिंग्लजच्या कॉलेजात छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना पोरांनी त्यांची परीक्षा घ्यायची एकही संधी सोडली नव्हती. फाटकं पान, अर्धवट कुजलेलं फूल, एकदा तर म्हशीच्या तोंडातून काढलेला चोथा कुणीतरी टेबलावर ठेवला होता. सरांनी खिशातलं भिंगसुद्धा न काढता त्या चोथ्याचं कूळ सांगितलं, आणि वर म्हशीला हे खाऊ घालू नका, दूध कडू होईल, असा सल्ला दिला. त्यामुळे भाद्रपद लागता लागता स्वतःच्याच परसात, धुण्याच्या दगडापासून दीड हातावर, निळी फुलं आलेली वीतभर उंचीची एक वनस्पती दिसली आणि तिचं नाव सुचेना, तेव्हा सरांना पहिल्यांदा वाटलं की चष्म्याचा नंबर वाढला असावा.

चष्मा पुसून झाला. भिंगही झालं. फूल पाच पाकळ्यांचं, आभाळी निळं, घशाशी पिवळी कडी. कूळ भोकराचं, त्यात शंका नव्हती. निसुर्डीची बहीण म्हणावी तर निसुर्डीची पानं थोराड, हृदयाच्या आकाराची आणि लांब देठाची. हिची अरुंद, बिनदेठाची आणि खरखरीत. फळाच्या चार इवल्या हिरव्या बिया, अंगभर आकडे असलेल्या, बोटाला धरल्या की सुटायच्या नाहीत. आसपास आणखी शोधलं तर एकूण सात रोपं निघाली. सरांनी कपाटातले जाडजूड ग्रंथ काढले, आठवडाभर ओटीवर पसारा मांडला, आणि आठव्या दिवशी सगळे ग्रंथ मुकाट्याने परत ठेवले.

"उपटून टाका की," आतून त्रिशलाकाकू म्हणाल्या. "एका गवतासाठी आठ दिवस जेवणात लक्ष नाही तुमचं."

हे ऐकून सरांनी खरं तर चमकायला हवं होतं. त्रिशलाकाकू म्हणजे चातुर्मासात हिरवी भाजी न खाणाऱ्या, अंगणातलं गवत काढताना मुंगी दिसली तर खुरपं खाली ठेवणाऱ्या. त्यांच्या तोंडून उपटा हा शब्द आजवर निघाला नव्हता. पण सरांचा जीव त्या निळ्या फुलात अडकला होता, बायकोच्या शब्दात नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही चूक ते पहिल्यांदाच करत होते असंही नाही.

ओळख पटवायचा एक सोपा मार्ग गावात होता आणि सर सोडून सगळे तो वापरत होते. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात पाननोंदीचा डबा होता. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र. वरच्या खणात नखाएवढा पानाचा तुकडा टाकायचा, झाकण लावायचं, आणि वीस मिनिटांत नाव हातात. प्रत्येक सजीवाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक पोथी असते, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. तिची काही पानं एका जातीच्या सगळ्या झाडांत जवळपास सारखी असतात. डबा ती वाचतो आणि जात सांगतो. इथपर्यंत यात नवल काही नव्हतं.

नवल पुढे होतं. त्याच पोथीची दुसरी काही पानं डोंगरागणिक थोडी थोडी बदलत जातात. आजऱ्याचा माणूस आणि चंदगडचा माणूस दोघंही मराठीच बोलतात, पण दोन वाक्यांत कोण कुठला ते आपल्याला कळतं; तसंच. बारा वर्षं शेकडो माणसांनी अख्ख्या सह्याद्रीत अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर पानं गोळा केली, त्या सगळ्यांच्या बोलीची एक प्रचंड वही तयार झाली, आणि डबा नावापाठोपाठ गावही सांगू लागला. या रोपाची आई अमुक डोंगराच्या तमुक उतारावर, चारशे मीटरच्या आत.

हे केलं होतं औषधी झाडांची चोरी पकडायला आणि उजाड डोंगरावर तिथलीच झाडं परत लावायला. पण गावांनी त्याचा आपापला उपयोग शोधला. स्थानिक रोपं लावल्याची शपथ घेणाऱ्या कंत्राटदाराची रोपं तिसऱ्याच राज्यातली निघाली. पुण्याला मुलाखतीला गेलो होतो म्हणणाऱ्या एका नवरदेवाच्या मोज्यातलं कुसळ गोव्याच्या किनाऱ्यावरचं निघालं आणि साखरपुडा मोडला. तेव्हापासून गडहिंग्लजात लोक दारात चपला जरा जास्तच काळजीने झाडू लागले.

सर मात्र त्या डब्याकडे फिरकले नव्हते, कारण तो डबा ज्या मंडळींनी घडवला त्यात त्यांची मुलगी होती.

चंदना ही मगदूमांची एकुलती एक. चालायला शिकली ती बापाच्या मागे रान तुडवत, आणि वाचायला शिकली ती हर्बेरियमच्या कागदांवरची नावं. हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडपाल्याचा संग्रह. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: झाड कोणतं, कुठे सापडलं, कोणी ओळखलं. त्या जगाचा एक अलिखित कायदा आहे आणि तो सरांनीच तिला सातव्या वर्षी शिकवला होता. आधीच्याचं चुकलंय असं वाटलं तरी त्याची चिठ्ठी खोडायची नाही, काढायची नाही. आपलं मत नव्या चिठ्ठीवर लिहायचं, तारीख टाकायची आणि त्याच्या चिठ्ठीखाली चिकटवायची. पन्नास वर्षांनी येणाऱ्याला दोघांचंही म्हणणं वाचता आलं पाहिजे.

सहा वर्षांपूर्वी, सरांच्या निवृत्तीच्या महिन्यात, चंदना त्या प्रचंड वहीसाठी कॉलेजातल्या जुन्या कागदांचे नमुने तपासत होती. अकराशे सत्तावीस नंबरचा कागद सरांचा लाडका. पंचविशीत आंबोलीच्या कड्यावर त्यांना सापडलेलं, आपल्या भागात कुणालाच न मिळालेलं एक दुर्मीळ झुडूप. त्या एका कागदावर त्यांचं नाव झालं होतं आणि प्रत्येक वर्गाला ते तो दाखवत. डब्याने सांगितलं की हे झुडूप दुर्मीळ वगैरे काही नाही, रस्त्याकडेचं नेहमीचंच आहे. चंदनाने दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बापाने शिकवलं होतं तसं तिने सुबक अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या चिठ्ठीखाली चिकटवली.

सरांनी ती वाचली. मुलगी समोरच उभी होती. त्यांनी नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलला, सावकाश सोलून काढली, चुरगाळली आणि टोपलीत टाकली.   त्या आठवड्यात ती बॅग भरून गेली, नंबर बदलला, आणि मी बरी आहे, शोधू नका, एवढा एक निरोप आईच्या फोनवर आला.

रागावून गेलेली पोर चार दिवसांनी येईल असं सरांना वाटलं होतं. चार दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांची वर्षं. गणिताचे जोशी सर नातवाला खांद्यावर घेऊन फिरायला निघाले की सर रस्ता बदलत. परसात काही नवं उगवलं की ते हाक मारायला वळत आणि हाक घशातच राही. तिला एकदा, एकदाच, नुसतं लांबून बघायला मिळालं तरी चालेल, असं ते भिंग पुसता पुसता मनाशी म्हणत. बायकोपाशी मात्र त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

दहाव्या दिवशी सरांनी सातही रोपांचा एकेक पानतुकडा कागदात गुंडाळला आणि कॉलेज गाठलं. विभाग आता त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीकडे, प्राध्यापक रेश्मा मुल्लाकडे होता. सर दारात दिसताच ती खुर्ची सोडून उठली, आणि त्यांनी कागदाची पुडी पुढे केली तेव्हा तिने काहीही विचारलं नाही. एवढा मोठेपणा तिच्यात होता.

वीस मिनिटं दोघं पावसाबद्दल बोलत बसले. मग पडद्यावर अक्षरं उमटली आणि रेश्मा वाचता वाचता थांबली.

"सर, तुम्हीच बघा," ती म्हणाली आणि पडदा त्यांच्याकडे वळवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

निसुर्डीच्याच गणातली नवी जात. घोणसाळीची निसुर्डी. जगात एकाच ठिकाणी, कोकणातल्या घोणसाळीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर. तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्णन केलं डॉक्टर चंदना मगदूम यांनी. सड्याची देखरेखही त्यांच्याकडेच. खाली डब्याचा नेहमीचा मजकूर: सातही रोपं एकाच बीची नातवंडं, बी साधारण तीन वर्षांपूर्वी इथे पोचलं असावं, मूळ ठिकाण सड्यावरच्या संशोधन केंद्राच्या कुंपणापासून चारशे मीटरच्या आत. सरांनी जातीचं नाव पुन्हा वाचलं. तिने ते गावावरून ठेवलं होतं. बापाच्या नावावरून ठेवलं असेल असं काही त्यांना वाटलं नव्हतं, तरी क्षणभर ते शोधलं मात्र होतं.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आकड्यांची बी आपल्या पायांनी घाट चढून येत नाही. ती कुणाच्या तरी कपड्याला धरून येते. धुण्याच्या दगडाजवळ.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्रिशलाकाकू बेळगावला बहिणीकडे मुक्कामाला जात. बहिणीचे गुडघे दुखत. रविवारी संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. आल्या की प्रवासातलं लुगडं धुलाई यंत्रात टाकायच्या आधी दगडावर बसून काठ निरखत आणि त्यात अडकलेलं काय काय एकेक वेचून टाकत. सरांनी त्यांना यावरून चिडवलंही होतं, की बहिणीच्या घरात झाडलोट होत नाही वाटतं. बेळगाव दक्षिणेला आणि घोणसाळी पश्चिमेला. चार वर्षं हे चाललं होतं.

रेश्मा हळूच म्हणाली की नियमाप्रमाणे अशा दुर्मीळ जातीची नोंद रोप दिसल्यापासून पंधरा दिवसांत पाठवावी लागते, आणि ती थेट देखरेख करणाऱ्याकडेच जाते. सरांनी मान हलवली आणि छत्री विसरून घरी आले.

त्या दिवशी ते बायकोशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनच्या कामाला जातो म्हणून निघाले आणि स्टँडवर जाऊन सावंतवाडीच्या गाडीत बसले. हल्ली घाटातल्या गाड्यांना ड्रायव्हर नसतो, समोरची सीट रिकामी असते, आणि गाडी सुटायच्या आधी एक आवाज विचारतो, कुठे उतरणार? सर घोणसाळी फाटा म्हणाले. तीन तास बारा मिनिटं, आवाजाने सांगितलं. तीन तास. सहा वर्षं ज्या लेकीसाठी जीव तुटत होता ती तीन तास बारा मिनिटांवर होती, आणि आपण या स्टँडवर रोज भाजी घ्यायला येत होतो. सरांच्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या बाईने त्यांना खिडकीची जागा देऊ केली.

पण फाट्यावर उतरून पुढे काय, याचं उत्तर सुचेना. कुंपणाशी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं काय, की तुझ्याच डब्याने तुझा पत्ता सांगितला म्हणून आलो? पत्ता हाती लागला होता. ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. चोराच्या पावलांनी गेलेल्या बापाला पाहून ती आणखी लांब निघून गेली तर त्रिशलाच्या वाट्याचा शनिवारही जायचा. गाडीची दारं मिटायच्या आत सर खाली उतरले आणि भाजीसुद्धा न घेता घरी परतले.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी डब्याचा कागद त्रिशलाकाकूंसमोर ठेवला. काकूंनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढून पदराने पुसला. नाकारण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "चार वर्षं बोलले. दर पर्वात त्याचं प्रायश्चित्त पण घेतलं. पण पुन्हा शनिवार आला की पुन्हा बोलले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चंदनानेच बोलावून घेतलं होतं, एकच अट घालून: बाबांना पत्ता कळता कामा नये. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पाण्याची टाकी. पोर उन्हाने काळी पडली आहे, केस कापलेत, एकटी राहते, भाताला तूप घेत नाही. सर हे सगळं इतक्या अधाशीपणे ऐकत होते की काकूंनी तुपाची गोष्ट दोनदा सांगितली.

"माझ्याबद्दल विचारते?" सरांनी विचारलं.

"तुमची गुडघेदुखी, तुमचा दमा, सगळं विचारते. बाबांना आणू का म्हटलं की उठून बाहेर जाते."

सर दुखावले. आपण काय कमी केलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते बोलूनही गेले. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला ते तिची क्षमा मागत आले होते. त्या दिवशी जैन घराघरांतून ओळखीच्या प्रत्येकाला निरोप जातो, कळत नकळत काही अपराध घडला असेल तर उत्तम क्षमा. सरांची यादी दोनशे चाळीस नावांची, मेहुण्यांपासून दूधवाल्यापर्यंत, आणि चंदनाच्या संस्थेच्या मुख्य कचेरीचा पत्ता, तेवढाच त्यांना माहीत होता, त्यात सहा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. वडीलधाऱ्या माणसाने याहून अधिक काय करायचं?

त्रिशलाकाकूंनी चष्मा घडी करून ठेवला. एरवी नवऱ्याला उलटून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मिळतो तिला तुमचा निरोप," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी तिथंच होते. वाचून म्हणाली, आई, हा दूधवाल्याला पण गेला असेल ना? मी काय सांगणार? आणि म्हणाली, कळत नकळत म्हणजे काय? बाबांना सगळं कळत होतं."

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते उठून परसात गेले आणि कितीतरी वेळ उगाच नळ चालू बंद करत राहिले. सहा वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली होती की रागाच्या भरात झालं. ते खरं नव्हतं. रागाच्या भरात माणूस कागद टराटरा फाडतो. त्यांनी तर चिठ्ठी नखाने सोलून काढली होती, खालच्या कागदाला इजा होऊ नये म्हणून जपून. आणि ती वाचली त्या क्षणीच त्यांना माहीत होतं की पोरीचं बरोबर आहे. खरं तर आधीही दोनतीन वेळा शंका आली होती, फळाचा आकार जुळत नव्हता, पण नाव झालेलं होतं आणि कागद कपाटात होता. मुलीने त्यांची चूक नव्हती पकडली, त्यांचा खोटेपणा पकडला होता. हे सहा वर्षांत त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मंदिरात हात जोडून उभं राहतानाही नाही.

क्षमावणी तीन दिवसांवर आली होती, आणि नोंदीचे पंधरा दिवसही तिथेच संपत होते. क्षमावणीची सकाळ उजाडली. दोनशे चाळीस माणसांना सरांचा निरोप गेला नाही. दोघातिघांनी तब्येत बरी आहे ना म्हणून फोन केले. सर टेबलाशी बसून फोनवर पाननोंदीचा अर्ज भरत होते. जात, ठिकाण, अधिवास, रोपांची संख्या. बी कोणी आणलं या रकान्यात त्यांनी त्रिशला सुकुमार मगदूम असं पूर्ण नाव लिहिलं. बायकोला विचारूनच लिहिलं. शेवटी शेरा नावाचा दोन ओळींचा रकाना होता. त्यावर दुपार गेली. जे लिहिलं ते एवढंच:

'कागद क्रमांक ११२७ वरची तुझी चिठ्ठी मी कळून सवरून काढली. नकळत काही झालं नाही. तुझी निश्चिती बरोबर होती हे मला ती वाचतानाच माहीत होतं, आणि लाज वाटली म्हणून काढली. क्षमा कर.'

खाली सही आणि तारीख. पाठवून झाल्यावर त्यांनी बायकोला दाखवलं. काकूंनी वाचून कागद कपाळाला लावावा तसा फोन कपाळाला लावला.

पाच दिवस काही आलं नाही. या पाच दिवसांत सरांनी परसातल्या सात रोपांची जी सेवा केली ती स्वतःच्या दम्याचीही केली नव्हती. सहाव्या दिवशी उत्तर आलं ते शुद्ध कार्यालयीन. नोंद मिळाली. पुढील बाबी कळवाव्यात: रोपांची नेमकी संख्या, पक्व फळं आहेत का, उघड्या गटारापासूनचं अंतर. परसाबाहेर प्रसार झाला असल्यास प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. नसल्यास रोपं बी पडण्यापूर्वी काढून केंद्राकडे पाठवावीत. चं. मगदूम. शेऱ्याबद्दल अक्षर नाही.

'प्रत्यक्ष पाहणी' या दोन शब्दांवर सरांची नजर खिळून राहिली. परसाबाहेर, गटाराच्या कडेला, आठदहा रोपं दिसली एवढं लिहिलं की ती येणार. यावंच लागेल. या दारातून आत येईल, दगडाशी बसेल. आणि सातातली दोन रोपं आज गटाराकडेला लावली तर ते खोटंही ठरणार नाही. सरांनी खुरपं हातात घेतलंसुद्धा. दगडाशी ओणवे होऊन ते बराच वेळ तसेच राहिले, आणि शेवटी खुरपं खाली ठेवून त्यांनी गटार दोन्ही बाजूंनी शंभर शंभर पावलं तपासलं, म्हातारा काय शोधतोय म्हणून शेजारणी पाहत असताना. एकही रोप नव्हतं. त्यांनी तसं लिहिलं. रोपं सातच. फळं हिरवी. प्रसार नाही. पाहणीची आवश्यकता नाही. रोपं काढून पाठवतो.

शेवटची दोन वाक्यं त्यांनी दोनदा खोडली, पण पाठवली. पाठवल्यावर ते आत येऊन पलंगावर पडले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, संपलं बघ. त्रिशलाकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पोरीच्या मनात काय आहे हे त्यांनाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला फोन वाजला तेव्हा सर पहिलं रोप काढायला त्याच्याभोवतीची माती सैल करत होते. मातीच्या हातांनी त्यांनी उत्तर उघडलं. सुरुवात पुन्हा तशीच, नोंद क्रमांक, संदर्भ. मग लिहिलं होतं:

'रोपं उपटून पाठवू नयेत. मुळं तुटतात. मातीसकट कुंड्यांत घालून आणावीत. शनिवारी आईबरोबर या. सड्यावर सावली कुठंच नाही, टोपी आणा.'

सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हाका मारत स्वयंपाकघरात शिरले. त्रिशलाकाकूंनी त्यांच्या हातातला मातीने भरलेला फोन घेतला. 'आईबरोबर या' पर्यंत आल्या आणि पुढचं त्यांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे वाचता येईना, तेव्हा सरांनीच ते मोठ्याने म्हणून दाखवलं.

"टोपी आहे का गं माझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

छत्तीस वर्षं उन्हातान्हात रान तुडवताना या माणसाने कधी डोक्यावर काही घातलं नव्हतं. काकूंनी डोळे पुसले, गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या. शनिवारला अजून चार दिवस होते, पण दोघंही तसेच, भर दुपारी, टोपी घ्यायला बाजारात निघाले.